पूर्वनियोजित नादुरुस्ती

कार्यालयीन वाहनांतील इंधन हे मुख्यत्वे वाहने चालवल्यामुळे खर्च होते, ही बाब पाणीपुरवठा खात्याच्या निदर्शनास आली तेव्हा बराच उशीर झाला होता. खातं स्थापन होऊन कित्येक वर्षं लोटली होती, किती साहेब आले आणि गेले, पण हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मात्र चूक कळल्यावर ती सुधारण्यात खात्याने हयगय केली नाही. त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं, एका खोलीतल्या जुन्या पाणी-मीटरांचा ढीग हलवून तिला 'इंधन संयम कक्ष' अशी पाटी लागली आणि उद्यान विभागातून एक अधिकारी उचलून तिथे बसवण्यात आले. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. त्यामुळे या विषयाबाबत त्यांच्या मनात कोणताही पूर्वग्रह नाही, असं नेमणुकीच्या आदेशातच नमूद केलं होतं.

खात्याचं कार्यालय टेकडीच्या माथ्यावर होतं, कारण पाण्याची मोठी टाकी तिथे होती आणि टाकीवर लक्ष ठेवायचं तर तिच्याशेजारी बसायला हवं, असं पूर्वी कुणाला तरी वाटलं होतं. शहर पायथ्याशी पसरलेलं. नळ खाली, सह्या वर, त्यामुळे प्रत्येक अधिकाऱ्याला दिवसातून दोन-तीनदा टेकडी उतरून पुन्हा चढावी लागे. रस्ता उभ्या चढाचा आणि वळणावळणाचा. या चढउतारात ज्यांचं आयुष्य गेलं त्या ड्रायव्हरांपैकी एक होता मखमल.

मखमल हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. मोठे साहेब एकदा मागच्या सीटवर चहाचा भरलेला कप हातात धरून टेकडी चढले होते आणि माथा येईपर्यंत त्यांच्या पांढऱ्या पँटवर एक थेंब सांडला नव्हता. उतरताना ते म्हणाले होते, "काय रे, गाडी चालवतोस की मखमल अंथरतोस?" तेव्हापासून पगारपत्रक सोडलं तर त्याचं खरं नाव कुठे उरलंच नाही. गिअर कधी बदलला हे मागे बसलेल्याला कळता कामा नये, एवढाच त्याचा कटाक्ष असे. गाडी मागेल तेव्हा गिअर द्यावा, न मागता देऊ नये आणि मागितल्यावर ताटकळत ठेवू नये, यापलीकडे त्याला कसलं तत्त्वज्ञान ठाऊक नव्हतं.

मखमल हंगामी होता. कोणत्या हंगामासाठी त्याला घेतलं होतं हे आता कुणालाच आठवत नव्हतं, पण तो हंगाम दरवर्षी वाढवून मिळत असे. आता मात्र कायम होण्याची वयोमर्यादा उंबरठ्यावर येऊन उभी राहिली होती. या वर्षी झाला तर झाला, नाहीतर मेहुणा होताच.

हा मेहुणा म्हणजे मखमलच्या बायकोचा सख्खा भाऊ. त्याचं फर्निचरचं दुकान होतं आणि दुकानाचा एक टेंपो होता. "भावजी, कशाला त्या हंगामी नोकरीत झिजताय? माझ्या टेंपोवर या, घरचंच आहे," असं तो प्रत्येक भेटीत म्हणे. घरचंच म्हणजे पगाराची तारीख नक्की नाही आणि कपाटं तिसऱ्या मजल्यावर चढवायलाही हात लावायचा, हे मखमलला चांगलं कळत होतं. त्याच्या बायकोला तर भाऊ अंतर्बाह्य ठाऊक होता. लहानपणी त्याने तिला एकदा आपली पाटी वापरायला दिली होती आणि त्याची आठवण तो तिच्या लग्नापर्यंत देत राहिला होता. नवऱ्याने त्याच्या हाताखाली राबावं यापेक्षा आपण शिवणाच्या मशीनवर दिवसरात्र पाय मारू, असं तिने बजावून ठेवलं होतं.

अशा वेळी ते परिपत्रक आलं. प्रत्येक गाडीत स्टिअरिंगशेजारी एक लहानसं यंत्र बसवलं जाईल, ते यंत्र त्या गाडीने कापलेलं अंतर आणि त्या गाडीच्या टाकीतून गेलेलं इंधन मोजेल, आणि त्यावरून ठरणारं ॲव्हरेज दर महिन्याला व्हरांड्यातल्या फलकावर लावलं जाईल. वर्षाअखेरच्या फलकावर जो ड्रायव्हर पहिला येईल त्याला कायम करण्यात येईल, आणि जो शेवटचा येईल त्याची सेवा आभारपूर्वक समाप्त करण्यात येईल. आभार कोण मानणार याबद्दल परिपत्रकात खुलासा नव्हता.

सुरुवात अर्थातच प्रशिक्षणाने झाली. संयम अधिकाऱ्यांनी फळ्यावर गिअरची आकृती काढली, ती उलटी निघाली, ती पुसून त्यांनी तशीच पुन्हा काढली आणि सांगितलं की गाडी जितक्या वरच्या गिअरमध्ये तितकं इंधन कमी लागतं, हे शास्त्र आहे. सबब सकाळी गेटबाहेर पडताच टॉप गिअर टाकायचा आणि संध्याकाळी गेटमध्ये शिरेपर्यंत तो काढायचा नाही. मखमलने हात वर केला.

"साहेब, चढावर टॉपमध्ये गाडी दम तोडते. इंजिन ठोकायला लागतं. तिथे तिला दुसरा द्यावाच लागतो."

"चढ? कुठला चढ?"

"हाच की. आपण बसलोय तो."

संयम अधिकारी समजूतदारपणे हसले. "चढ ही एक सवय आहे," ते म्हणाले. "तुम्ही वर्षानुवर्षं दुसरा देत आलात, म्हणून गाडीला दुसऱ्याची चटक लागली. झाडांचंही तसंच असतं. पाणी घालत गेलं की मागत जातात."

उद्यान विभागातली झाडं त्यांच्या काळात फारशी उरली नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. टिपणं लिहून घेण्यात आली, चहा झाला आणि प्रशिक्षण यशस्वी झाल्याचं घोषित करण्यात आलं.

पहिला महिना टेकडीवर मोठा आवाजाचा गेला. टॉप गिअरमध्ये चढ चढणाऱ्या गाड्या पहिल्याच वळणावर थरथरायला लागत, दुसऱ्या वळणावर खोकत आणि तिसऱ्यावर प्राण सोडत. मागे बसलेले अधिकारी उतरून धक्का देत. एकाच महिन्यात तीन क्लचप्लेटी जळाल्या, पण क्लचप्लेट हे इंधन नसल्यामुळे त्याची नोंद दुसऱ्या खोलीत होत होती. हवेचा अडथळा होतो म्हणून काचा उघडायच्या नव्हत्या आणि इंजिनवर भार येतो म्हणून एसी लावायचा नव्हता. अधिकारी घामाघूम होऊन गळक्या पाइपलाइनवर पोचत आणि पाहणीच्या आधी तिथेच तोंड धुऊन घेत.

मखमल मात्र दुसरा द्यायचा तिथे दुसराच देत राहिला. त्याची गाडी एकदाही बंद पडली नाही, साहेब वेळेवर पोचले, कप सांडला नाही. महिनाअखेरीला फलक लागला तेव्हा त्याचं नाव सगळ्यांत खाली होतं. त्याने फलक एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर वाचला. खरं म्हणजे दोष त्याच्या पायाचा नव्हता, मोठ्या साहेबांची गाडी वाट्याला आल्याचा होता. मोठे साहेब मीटिंगमध्ये बसले की गाडी सावलीत चालू ठेवून एसीने आतलं गार ठेवायचं, असा त्यांचा स्थायी आदेश होता, आणि संयमाचे नियम मोठ्या साहेबांना लागू करण्याबाबतची फाइल मोठ्या साहेबांकडेच सहीला गेली होती. शिवाय मोठे साहेब नावाप्रमाणेच मोठे होते.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने मशीनवरचा पाय न थांबवता ऐकून घेतलं.

"साहेबांचं वजन कमी करता येणार नाही का?" तिने विचारलं.

"मी कसं करणार?"

"मग गाडीचं करा."

दुसऱ्या दिवशी मखमलने डिकीतून स्टेपनी काढली, जॅक काढला, पाने काढले. पुढच्या आठवड्यात मागच्या सीटखालचं सगळं सामान आणि साहेबांच्या शेजारचा हात टेकायचा कठडा निघाला. इतर ड्रायव्हर त्याच्याही पुढे गेले होते. एकाने मागची सीटच घरी नेऊन ठेवली होती आणि कनिष्ठ अभियंत्याला पत्र्यावर बसवून तो फिरवत होता. पाहणीला कुणी जायचं हे आता वजनावर ठरू लागलं. पाण्याच्या दाबातलं ज्यांना कळत होतं ते दुर्दैवाने अंगाने भरलेले होते, त्यामुळे हिशेब तपासनिसांच्या हडकुळ्या सहायकाला फुटलेल्या पाइपांवर पाठवलं जाऊ लागलं. तो पाइपकडे बघून येई आणि पाइप फुटलेला आहे असा अहवाल देई. शहरातल्या उंच वस्त्यांमधल्या तक्रारी 'चढ असल्याने प्रलंबित' या शेऱ्यानिशी बाजूला ठेवण्यात आल्या.

एवढं करूनही मखमल तळालाच राहिला, आणि पहिल्या जागेवर दर महिन्याला एकच नाव येत होतं. ते होतं ढकल्याचं.

ढकल्या म्हणजे ज्याच्या गाडीला रोज सकाळी धक्का लागे तो ड्रायव्हर. त्याची गाडी खात्यातली सगळ्यांत खटारा आणि तो स्वतः गिअर टाकायचा तो दार आपटल्यासारखा. तरी त्याचं ॲव्हरेज असं काही आलं होतं की सगळे तोंडात बोट घालून फलकाकडे बघत होते. मखमलने त्याला चहा पाजून विचारलं, तेव्हा त्याने आढेवेढे न घेता सगळं सांगून टाकलं. ढकल्या माथ्यावर इंजिन बंद करी, गाडी न्यूट्रलमध्ये टाकी आणि उतारावर सोडून देई. पायथ्यापर्यंत इंधन शून्य. पायथ्याला पोचला की गाडी नादुरुस्त झाल्याचा फोन करी. मग खात्याची ब्रेकडाऊन गाडी, म्हणजे मागे लोखंडी हूक असलेला तो अवजड ट्रक, खाली येई, त्याची गाडी अडकवून घेई आणि वर ओढून आणी. अंतर कापलं जाई, टाकीतला थेंब हलत नसे. साहेबांना शहरात जायचं असलं की ते पायथ्यापासून रिक्षा करून जात.

"पण ट्रक डिझेल पितो त्याचं काय?" मखमलने विचारलं.

"ट्रक तातडीच्या सेवेत आहे," ढकल्या म्हणाला. "त्यात यंत्र बसवलेलं नाही."

आपली युक्ती बाहेर फुटल्याचा ढकल्याला पश्चात्ताप व्हायला फार वेळ लागला नाही. महिन्याभरात खात्यातल्या झाडून सगळ्या गाड्या पायथ्याशी येऊन नादुरुस्त व्हायला लागल्या. सकाळी उतरणाऱ्या गाड्यांची एक गुपचूप रांग आणि दुपारी हुकाला लागून चढणारी दुसरी. ब्रेकडाऊन गाडीच्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. आजवर त्याला कुणी विचारत नव्हतं, दिवसभर तो टपाखाली झोपलेला असे. आता अधिकारी त्याची मनधरणी करू लागले. कुणाला आधी ओढायचं आणि कुणाला उन्हात ठेवायचं हे मामा ठरवू लागला आणि त्याचा भाव वधारला.

या गोंधळाची वार्ता संयम कक्षात पोचली तेव्हा आता सगळं उघडकीस येणार असं मखमलला वाटलं. त्याला आतून बरंही वाटलं. पण संयम अधिकाऱ्यांनी आलेखाकडे पाहिलं. इंधनाची रेषा अशी खाली चालली होती की कागद पुरत नव्हता. तिच्याशी वैर धरण्याचं त्यांना काही कारण दिसेना. गाड्या नादुरुस्त होत असतील तर निदान वेळेवर तरी व्हाव्यात, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यांनी 'पूर्वनियोजित नादुरुस्ती'चं वेळापत्रक तयार केलं, कोणती गाडी कोणत्या वेळी बिघडेल ते ठरवून दिलं आणि वेळेआधी बिघडणाऱ्यांना समज दिली. एका ट्रकने काम भागेना म्हणून दुसरा ट्रक घेतला. दोघांचं डिझेल मिळून आधीच्या सगळ्या गाड्यांच्या इंधनापेक्षा जास्त झालं, ते 'बचत प्रोत्साहन खर्च' या सदराखाली टाकण्यात आलं आणि त्या सदराची तरतूद बचतीच्या प्रमाणात वाढवून देण्यात आली.

राहिला होता एकटा मखमल. तो अजूनही चढावर दुसरा देऊन चढत होता. त्याला यात फार मोठा प्रामाणिकपणा वाटत होता असं नाही. त्याला इंजिन बंद करून गाडी सोडणं जिवावर येत होतं, एवढंच. इंजिन बंद म्हणजे स्टिअरिंग जड, आणि ब्रेक दोनदा दाबला की तिसऱ्यांदा लाकूड. आपण ज्याच्यावर गाडी राखतो तेच बंद करून टेकडी उतरायची, हे त्याच्या हातापायांना पटत नव्हतं.

पण वर्ष संपत आलं आणि मेहुणा एका संध्याकाळी घरी येऊन टेंपोची किल्ली टेबलावर ठेवून गेला. "असू दे इथे. घाई नाही," तो म्हणाला. तो गेल्यावर बायकोने ती किल्ली टेबलाच्या कडेला सरकवली.

"सगळेच करतात ना?" ती म्हणाली.

"सगळेच."

"मग तुमचंच काय अडलंय? तुम्ही त्यांच्यापेक्षा चांगली चालवता, तुम्ही चांगली सोडाल." मग तिचा आवाज खाली आला. "अहो, मला त्याचं ऐकून घ्यायचं नाही हो. एवढंच माझं मागणं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे साहेब मागे बसले, मांडीवर फाइल घेऊन नेहमीप्रमाणे पेंगू लागले आणि माथ्यावरच्या वळणाशी मखमलने इंजिन बंद केलं. पहिल्यांदा त्याला स्वतःच्याच गाडीत परक्यासारखं वाटलं. कसला आवाज नाही, पायाखाली धडधड नाही. यंत्रावर अंतर वाढत होतं आणि इंधन जागच्या जागी होतं. पहिलं वळण त्याने घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्या वळणावर ब्रेक दाबला तेव्हा तो लाकूड झाला होता.

काय करायचं हे त्याला नीट माहीत होतं. तिसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, इंजिन झटक्यात चालू होतं, ब्रेकमध्ये जीव येतो. हात गिअरवर गेलाही. पण इंजिन चालू म्हणजे यंत्रावर इंधन, म्हणजे फलकावर पुन्हा तळ, म्हणजे टेबलावरची किल्ली. हे सगळं त्याच्या मनात येऊन गेलं आणि ते येण्याजाण्यात जेवढा वेळ गेला तेवढाच वेळ त्याच्याजवळ होता. पायथ्याशी मामाचा ट्रक हूक मागे करून नियोजित नादुरुस्त्यांची वाट बघत उभा होता. गाडी सरळ त्याच्यावर गेली आणि हूक बॉनेट फोडून इंजिनात जाऊन बसला.

मोठ्या साहेबांच्या कपाळाला टेंगूळ आलं. मखमलचं मनगट मुरगळलं. तो गाडीतून उतरला, इंजिनातून गळणाऱ्या तेलाकडे बघत रस्त्याच्या कडेला बसला आणि रडला. एवढ्या वर्षांत त्याने गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नव्हता.

चौकशी लगोलग झाली. अपघाताच्या वेळी गाडी कोणत्या गिअरमध्ये होती, असं त्याला विचारण्यात आलं. मखमल मान खाली घालून म्हणाला, "न्यूट्रलमध्ये." समितीच्या सदस्यांनी एकमेकांकडे पाहून माना डोलावल्या. इंजिन? बंद. अपघातात इंधन किती गेलं? काहीच नाही. चौकशी समितीने निष्कर्ष काढला की प्रस्तुत अपघात संयमाच्या सर्व निकषांचं पालन करून घडला असून त्यात कोणत्याही प्रकारची उधळपट्टी आढळून येत नाही. मखमलने शेवटच्या क्षणी इंजिन चालू केलं असतं तर मात्र प्रकरण गंभीर झालं असतं, असाही शेरा होता.

आता प्रश्न गाडीचा होता. इंजिन कायमचं गेलं होतं. नवी गाडी मागवण्याची टिपणी तयार झाली आणि संयम कक्षात अडकली. कारण त्या महिन्याचा फलक लागला होता आणि मोठ्या साहेबांची गाडी पहिली आली होती. ती रोज मामाच्या ट्रकला लागून उतरत होती, ट्रकलाच लागून चढत होती, यंत्रावर अंतर चढत होतं आणि तिच्या टाकीतून थेंब जाण्याची आता सोयच राहिली नव्हती. अशी गाडी मोडीत काढली तर खात्याचं सरासरी ॲव्हरेज कोसळेल, असं संयम अधिकाऱ्यांनी लिहिलं. उलट इतर गाड्यांची इंजिनं टप्प्याटप्प्याने काढता येतील का हे तपासावं, अशी त्यांची शिफारस होती.

मोठे साहेब सुरुवातीला चिडले. पण दोन दिवस त्या गाडीतून गेल्यावर त्यांचा राग निवळला. गाडीत आवाज नव्हता, झोप चांगली लागत होती आणि पुढे पिवळा दिवा फिरवत एक मोठा ट्रक रस्ता मोकळा करत जात होता. हा मान आपल्या पदाचाच आहे अशी त्यांची समजूत झाली आणि ती दुरुस्त करण्याची कुणाला निकड वाटली नाही.

वर्षाअखेरीस सत्कार झाला. मखमलला शाल मिळाली, कायम केल्याचा आदेश मिळाला, संयम अधिकाऱ्यांना बढती मिळाली. सर्वांत खाली राहिलेल्या ड्रायव्हरचे आभार मानण्यात आले. तो ढकल्या निघाला. त्याची खटारा गाडी उतारावर दोनदा आपोआप चालू झाली होती.

मखमलची बायको सत्काराला आली होती. मेहुण्याची किल्ली तिने स्वतः नेऊन दिली आणि परत येताना ती रस्त्याने हसत होती. कितीतरी वर्षांनी तिने मशीन दोन दिवस बंद ठेवलं. भाऊ आता तिच्या नवऱ्याला 'भावजी' म्हणण्याआधी जरा थांबून घसा साफ करत होता, आणि तिला तेवढं पुरेसं होतं. मखमलला तिचं सुख दिसत होतं.

त्याचं काम आता सोपं होतं. सकाळी गाडीत बसायचं, हूक लागला की हँडब्रेक सोडायचा, ट्रक वळेल तिकडे स्टिअरिंग वळवायचं. पहिले काही दिवस चढ आला की त्याचा हात आपणहून गिअरवर जाई आणि तो दुसरा देई. गिअर पडे, पण पुढे काही होत नसे. हळूहळू हात जायचा थांबला.

पुढे एका रविवारी मेहुण्याचा टेंपो त्यांच्या दारात आडवा उभा होता आणि मेहुणा आत गप्पा मारत बसला होता. शेजाऱ्याला वाट हवी होती. बायकोने भावाकडची किल्ली मखमलच्या हातात देऊन तेवढा टेंपो पुढे घ्यायला सांगितलं. तो गेला, आत बसला, हँडब्रेक सोडला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. बराच वेळ झाला तरी टेंपो हलेना म्हणून ती बाहेर आली.

"काय झालं? चालू होत नाही का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. किल्ली त्याच्या खिशातच होती. कुणीतरी येऊन ओढून नेईल म्हणून तो थांबला होता. सोडलेला हँडब्रेक आणि स्टिअरिंगवरचे त्याचे दोन्ही हात पाहून तिला ते कळलं. आत जाऊन तिने भावाला टेंपो काढायला सांगितलं.

तर असा हा मखमल. तुम्ही त्याला पाहिलं आहे. त्याच्या सत्काराची बातमी वाचून 'बघा, मनात आणलं तर सरकारी माणूसही करू शकतो' असं तुम्ही घरात मोठ्याने म्हणाला होता, आणि पुढच्या पाणीपट्टीत आलेला इंधन बचत अधिभार मुदतीच्या आत भरला होता. मग एका सकाळी टेकडीच्या रस्त्यावर त्या ट्रकच्या आणि त्या इंजिन नसलेल्या गाडीच्या मागे तुम्ही अडकलात. पहिल्या गिअरमध्ये, पेट्रोल जाळत, हॉर्न वाजवत. कामावर उशीर होत होता. पुढच्या गाडीत एक माणूस स्टिअरिंग धरून नुसता बसलेला पाहून तुम्हाला हसू आलं. मग रस्ता मोकळा झाला, तुम्ही पोचलात, आपल्या खुर्चीत बसलात आणि काल काय काय काम झालं त्याचे आकडे वरून आलेल्या चौकटीत भरू लागलात. आकडे चांगले होते. काम काय झालं होतं ते तुम्हाला आठवेना, पण चौकटीत ते कुणी विचारलंही नव्हतं.